‘दिवसभर राबतेच की, तिला आणखी व्यायाम कशाला?’

हे वाक्य मी तीन माणसांच्या तोंडून ऐकलंय. एक माझे वडील. दुसरे शहादा तालुक्यातल्या आमच्या गावाजवळचे एक डॉक्टर. तिसरा पुण्याच्या ऑफिसातला माझा सहकारी, जो मनगटावरच्या घड्याळात रोजची पावलं मोजतो. वडिलांच्या बोलण्यात काळजी होती, डॉक्टरांच्या बोलण्यात घाई होती आणि मित्राच्या बोलण्यात चक्क कौतुक होतं : ‘तुमच्याकडच्या बायकांना जिम लागतच नाही रे, त्यांचं जगणं हेच वर्कआउट!’ तिघंही चांगली माणसं आहेत. तिघंही चुकले आहेत. आणि ही चूक साधी नाही. तिच्यापायी नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात आणि ज्या एका उपचाराचा त्यांना उपयोग होऊ शकतो, तोच त्यांना ‘गरज नाही’ म्हणून नाकारला जातो.

माझ्या आईचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मग पाय. डॉक्टर विचारायचे, नेमकं कुठे दुखतं? आई म्हणायची, ‘आखं आंग दुखस.’ हे उत्तर तपासणीच्या कागदावर बसत नाही. मग सलाईन, कमरेत इंजेक्शन, कॅल्शियमच्या गोळ्या, पुन्हा सलाईन. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ हा शब्द घरी पोचेपर्यंत ‘काही झालेलं नाही’ असा होतो आणि शेजारी पोचेपर्यंत ‘नाटक’. झोप होऊनही ती दमलेलीच उठायची. बोलता बोलता शब्द विसरायची. सात वर्षांनी सुरतच्या एका डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतलं, दुसरे आजार तपासून बाजूला काढले आणि नाव सांगितलं : फायब्रोमायल्जिया. आईचा पहिला प्रश्न होता, ‘म्हनजे खरंच काहीतरी शे ना?’ आजार आहे हे कळल्यावर माणसाला हायसं वाटावं, एवढी वेळ आपण तिच्यावर आणली होती.

तर हो, खरंच काहीतरी आहे. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोमायल्जियाचे १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेतली, अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. रुग्णांना हलक्या दाबानं जेवढं दुखलं, तेवढं दुखायला निरोगी माणसांना बराच जास्त दाब लागला. मेंदूतली हालचालही त्याला जुळणारी होती. म्हणजे बाई वाढवून सांगत नव्हती. तिच्या मज्जासंस्थेतच आवाज वाढवून ठेवलेला होता. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लावलेल्या अलार्मची मर्यादा इतकी खाली आली आहे की रोजच्या वापरालाही तो वाजतो. अलार्म खोटा नाही, त्याचा त्रास खरा आहे; पण सर्व्हरचं कपाट उघडून बघितलं तर जळालेला भाग सापडत नाही. एक्स-रे नॉर्मल येतो तो यामुळे.

निदानासाठी १९९० च्या निकषांत शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून किमान ११ ठिकाणी दुखतंय का ते बघायचे. २०१० मध्ये ते बदलले. आता अंगात किती ठिकाणी दुखतं, थकवा किती, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात राहतं का, हे विचारायचं आणि हे सगळं किमान तीन महिने टिकलेलं असलं पाहिजे. म्हणजे निदानाचं मुख्य हत्यार आहे विचारणं. आणि आपल्याकडे ओपीडीत नेमकं तेच संपलेलं असतं.

हे शहरी, सुखवस्तू बायकांचं दुखणं आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी भिगवणकडे बघावं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याच्या पद्धतीनं घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, हाडांचं दुखणं होतं. ज्याला आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणून घाबरतो तो आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. बाकीच्यांत मोठा वाटा झिजेचा होता आणि तितकाच मोठा मऊ ऊतींच्या किंवा धड नाव न देता येणाऱ्या दुखण्यांचा. या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता असं नाही. पण खेड्यातलं बहुतेक दुखणं रक्ताच्या एका चाचणीत पकडता येत नाही, हे पंचवीस वर्षांहून जास्त काळ आपल्याला माहीत आहे.

आता मूळ वाक्याकडे येतो. दिवसभर राबते, मग व्यायाम कशाला?

कारण राबणं हा व्यायाम नाही. काही बाबतींत तो व्यायामाच्या नेमका उलटा प्रकार आहे.

व्यायामात वजन माणसाच्या कुवतीवरून ठरतं. कामात ते हंड्यावरून ठरतं. हंडा भरलेलाच उचलावा लागतो, आज अंगात त्राण अर्धं आहे म्हणून अर्धा भरून चालत नाही, कारण मग दोन खेपा होतात. व्यायामात थोडं करून थांबायचं असतं आणि पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं असतं. कामात थांबायचं कधी हे पीक ठरवतं, मुकादम ठरवतो किंवा जेवायला बसलेली माणसं ठरवतात. व्यायामात शरीराच्या सगळ्या बाजू आळीपाळीनं हलतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी बाई दिवसभर एकाच बैठकीत, एकाच बोटांनी, मान खाली घालून बसलेली असते. ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे गेलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते आणि मग पालावर येऊन भाकरी थापते. व्यायामानंतर विश्रांती असते. कामानंतर दुसरं काम असतं. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसतात. ते करणाऱ्या पुरुषांची ९७.

ज्या मज्जासंस्थेचा आवाज आधीच वाढलेला आहे, तिच्यावर हे काम रोज पडतं. त्यातून एक चक्र तयार होतं. घरातल्या कुणीही ते ओळखावं. बाईला एखादा दिवस बरा जातो. त्या दिवशी ती साचलेलं सगळं काढते : गोधड्या धुते, डबे घासते, पापड लाटते. पुढचे दोन दिवस आडवी होते. मग घरचे म्हणतात, ‘काल तर एवढं केलंस!’ या टोमण्याला घाबरून ती पुढच्या बऱ्या दिवशी आणखी जास्त करते, म्हणजे खरंच आजारी आहे की नाही हा संशय फिटावा. कामानं शरीर घडत असतं तर ऊसतोड करणाऱ्या बायका देशातल्या सगळ्यात निरोगी बायका असत्या. बीडमधली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी काय सांगते? त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. दुखणाऱ्या बाईचं आपण काय करतो, याचा तो सरकारी दाखला आहे : तिचं काम थांबू नये म्हणून अवयव काढून टाकतो.

कष्टाचं कौतुक करायला आपण तयारच असतो. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे रोज नर्मदेतून १८ किलोमीटर होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोचत होत्या. देशभर बातम्या झाल्या. त्या कौतुकास पात्रच आहेत. त्यांना हा आजार आहे असं मी सुचवत नाही. पण वल्हवून वल्हवून खांद्यांचं काय होतं आणि त्या खांद्यांसाठी यंत्रणेत कोण आहे, हा प्रश्न त्या सगळ्या बातम्यांच्या गर्दीत कुठे होता?

आणि आपली यंत्रणा मोजते काय? आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो : आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची बाई याला काय उत्तर देणार? १५० मिनिटं तिची मंगळवारी सकाळीच संपतात. फॉर्मवर तिला शून्य गुण, म्हणजे धोका नाही. ‘दिवसभर राबतेच की’ हे वाक्य सरकारी कागदावर असं छापलेलं आहे.

व्यायामाचा पुरावा कितपत आहे, हेही सरळ सांगतो, कारण वाढवून सांगणाऱ्यांचाही मला राग आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली फायब्रोमायल्जियाच्या उपचारांच्या शिफारशी नव्यानं लिहिल्या. औषधं, ॲक्युपंक्चर, समुपदेशन, सगळं तपासून त्यांनी ‘ठाम शिफारस’ एकाच गोष्टीला दिली : व्यायाम. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात चालणं, सायकल अशा दम वाढवणाऱ्या व्यायामाचे १३ अभ्यास आणि ८३९ माणसं होती. सरासरी ३५ मिनिटं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, ६ ते २४ आठवडे. १०० च्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी ११ गुणांनी कमी झालं. ११ म्हणजे चमत्कार नव्हे. पण हाच आकडा रोजच्या जगण्यात आणून बघा : बाजारातून पिशवी घेऊन मध्ये न बसता घरी येता येणं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये अशा दीर्घकालीन दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत देखरेखीखालचा, गटानं करायचा व्यायाम द्या असं म्हटलं आहे, आणि पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं, अफूच्या जातीची औषधं, स्टेरॉइड हे नव्यानं सुरू करू नका असंही. नैराश्यावरची काही औषधं विचारपूर्वक देता येतात, तेवढी वाट मोकळी ठेवली आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं : जे देऊ नका म्हटलंय ते सुईनं टोचलं जातं आणि जे द्या म्हटलंय ते तोंडी सांगून सोडून दिलं जातं.

हे ‘तोंडी सांगून सोडणं’ मला सगळ्यात जास्त खुपतं. आईला निदानानंतर व्यायामाच्या चित्रांचा एक कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यातल्या बाईच्या अंगात ट्रॅक सूट. तो कागद देव्हाऱ्याच्या फळीवर पंचांगाखाली गेला.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलगा आहे म्हटल्यावर तो काय करणार? ॲप. मराठीत सूचना, मोठी अक्षरं, संध्याकाळी साडेपाचला घंटी, केलं की हिरवी खूण, मला पुण्यात आलेख. नव्वद दिवसांत हिरव्या खुणा ११. मी फोनवर चिडलो. आई म्हणाली, ‘तुना फोन सांगस, चाल. मंग सयपाक कोन करी, फोन?’

तेव्हा कळलं की मी चुकीच्या जागी बग शोधत होतो. आईला आठवण होत नव्हती असं नाही, तिच्याकडे साडेपाच वाजता स्वतःचा अर्धा तास नव्हता. ॲपनं तिच्या कामांत एक काम वाढवलं आणि न झाल्याचा हिशेब मुलाला पाठवला. हा माझा गुन्हा मी कबूल करतो. आरोग्याचे प्रश्न ॲपनं सोडवू पाहणाऱ्या माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनी कधीतरी तो करावा.

पुढे जे काही जमलं ते तंत्रज्ञानानं जमलं नाही. वडील सकाळी सहाला उठून पाणी भरू लागले आणि चहा ठेवू लागले. गल्लीतल्या दोघी आईबरोबर निघू लागल्या. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्यानं. जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर बसून-उठून, भिंतीला हात लावून ढकलणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्टनं दोन नियम सांगितले होते : वाईट दिवशी कमी करायचं पण शून्य नाही, बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त नाही. पहिले तीन आठवडे दुखणं वाढल्यासारखं वाटलं. हे होणार असं आधीच सांगितलेलं होतं म्हणून ती टिकली. झेरॉक्सचा कागद हे सांगत नाही. बाई तिसऱ्या दिवशी घाबरून थांबते आणि आपण म्हणतो, ‘व्यायाम करत नाहीत हो बायका.’

एका आईवरून सिद्धान्त मांडता येत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून व्यवस्थेकडे येतो.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातलं उपकेंद्र आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ आहे. तिथं मिळायच्या सेवांची बारा नावांची यादी आहे : गरोदरपण, बाळं, रक्तदाब-मधुमेह, डोळे, दात, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी वगैरे. दीर्घकालीन दुखण्याला त्या बारांत स्वतःचं नाव नाही. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची तरतूद आहे, पण तो कार्यक्रम साठीच्या पुढचा. आमची बाई बेचाळीस वर्षांची. ती घाट उतरून आठवड्यातून दोनदा नंदुरबारला येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पावसाळ्यात धडगावहून एसटीनं यावं. दिवसाची मजुरी आणि भाडं घालवून मिळणार काय, तर पंधरा मिनिटं शेकणं. शेकणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. आणि २१ जूनला उपकेंद्राच्या अंगणात चटया टाकून फोटो काढणं म्हणजेही नव्हे. २२ जूनला कोण येतं, यावर उपचार ठरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, सिकलसेल यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यात तुम्ही फायब्रोमायल्जिया काय घेऊन बसलात? जीव जातोय तिथे अंगदुखीला कोण विचारतो?

पहिलं उत्तर : अंगदुखी विचारल्यानंच ते बाकीचं सापडतं. इथं ‘आखं आंग दुखस’ म्हणणाऱ्या बाईला सिकलसेल असू शकतो, रक्तक्षय असू शकतो, थायरॉइड असू शकतो, चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय होता. म्हणून आधी तपासणी आणि मगच फायब्रोमायल्जियाचं नाव. सरसकट शिक्का मारायला माझा विरोध आहे. सिकलसेलच्या बाईला दम लागेपर्यंत पळवणं धोक्याचं आहे. पण जी डॉक्टर हे सगळं तपासण्याइतकं ऐकून घेईल, तिच्याच हाती खरं निदान लागेल. सलाईन लावून घरी पाठवणाऱ्याच्या हाती दोन्ही लागणार नाही.

दुसरं उत्तर : बाई मरत नाही तोवर तिच्या शरीराचा विचार करायचा नाही, हा न्याय कुणी ठरवला? आपल्या आरोग्ययंत्रणेला बाई दिसते ती गरोदर असताना. बाळंतपण संपलं, ऑपरेशन झालं की ती यादीतून जाते आणि साठीला पुन्हा यादीत येते. मधली तीस वर्षं ती फक्त कामाला असते. हे दुखणं नेमकं त्या तीस वर्षांतलं आहे.

मागणी मोठी नाही. उपकेंद्राच्या गावात आठवड्यातून दोनदा, पस्तीस मिनिटं, किमान बारा आठवडे, आठ-दहा बायकांचा गट. वेळ त्यांनी ठरवायची. जिल्ह्याच्या फिजिओथेरपिस्टनं समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शिकवायचं आणि महिन्यातून एकदा गावात येऊन बघायचं. हे काम आशाताईंवर फुकट ढकलायचं नाही. त्यांना करायला सांगितलं तर त्याचे पैसे द्यायचे, कारण त्यांचीही कंबर दुखते. लहान मुलं तेवढा वेळ अंगणवाडीत. व्यायामाचं नाव भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत सांगायचं. ट्रॅक सूट नको, लुगड्यात जमेल असं शिकवायचं. यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. लागतं ते एक माणूस, जो पुढच्या मंगळवारी पुन्हा येईल.

बायका जमत नाहीत, असं मात्र शहाद्यात कुणी म्हणू नये. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंतींच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत याच तालुक्यातल्या आदिवासी बायका शिबिरांना जमल्या, एकमेकींशी बोलल्या आणि गावोगावच्या दारूच्या हातभट्ट्या फोडायला निघाल्या. दर आठवड्याला बचतगटासाठी त्या आजही जमतात. पैशाचा हिशेब होतो, सह्या होतात, मग सगळ्या घाईनं उठतात. उठताना प्रत्येकीचा हात कमरेवर जातो.

त्या उठण्याआधीची पस्तीस मिनिटं मी मागतोय. सरकारकडे माणूस मागतोय. आणि घरातल्या पुरुषांकडे, मी धरून, तेवढ्या वेळाचा स्वयंपाक आणि पाणी मागतोय. ते द्यायचं नसेल तर बाईला ‘व्यायाम कर’ असं सांगूही नका.

आईचं दुखणं गेलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, थंडीत खांदे फार ठणकतात. मग म्हणाली, आज जाऊ का नको असं झालं होतं, पण त्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या.